वेतनखर्चातील प्रादेशिक तफावत : भारतीय कापडगिरणी उद्योग

एकाच उद्योगातील एकाच प्रकारच्या कामासाठी निरनिराळ्या प्रदेशांतील मालकांना पडणाऱ्या श्रमखर्चातील फरकास वेतनखर्चातील प्रादेशिक तफावत असे म्हणतात. श्रमखर्चात मूळ वेतन, महागाई भत्ता व बोनस यांचा समावेश होतोच. शिवाय भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, उपदान, प्रसूतिसाहाय्य, भरपगारी रजा यांसारख्या लाभांपोटी मालकाने द्यावयाच्या रकमाही त्यात मोडतात. कामगाराच्या हाती पडणारे वेतन आणि मालकाला पडणारा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. वेतन सारखे असूनही लाभांमुळे खर्च भिन्न असू शकतो. उलटपक्षी, कमी वेतनाच्या ठिकाणी कामाचा उरक कमी असल्यास मालाच्या दर नगामागे पडणारा खर्च अधिकही असू शकतो.

भारतात या तफावतीचा दीर्घ व तपशीलवार नोंदलेला इतिहास कापडगिरणी उद्योगात आढळतो. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, नागपूर, कानपूर, कोईमतूर अशा परस्परांपासून दूर असलेल्या केंद्रांत कच्चा माल तोच, यंत्रे बहुतांशी एकाच घडणीची व विक्रीची बाजारपेठही सामाईक होती. त्यामुळे श्रमखर्चातील फरक येथे उठून दिसतो. शहराशहरांतील निर्वाहखर्च भिन्न असल्यामुळे वेतने भिन्न असतात, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. तफावतीचा बराच मोठा भाग कामगारभरतीच्या पद्धती, निर्देशांकांची पायाभूत वर्षे, लवादांचे निवाडे आणि कायद्यांच्या अंमलाची हद्द यांनी घडविला, असे या उद्योगाच्या इतिहासावरून दिसते.

प्रारंभीचा काळ : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या गिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. रणछोडलाल छोटालाल यांची अहमदाबाद येथील गिरणी १८६१ मध्ये चालू झाली. जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी सोलापुरातही सूतगिरणीचे उत्पादन सुरू झाले. मुंबईस कामगार बाहेरून आणावा लागे. रत्नागिरी जिल्हा, सातारा व पुण्याकडील घाटमाथा आणि पुढे उत्तर हिंदुस्थान येथून आलेला पुरुष खानावळीत किंवा चाळीतील एका खोलीत इतर गाववाल्यांसह राही आणि गावी मनिऑर्डर पाठवी. एका वेतनात शहरातील एक व गावाकडील एक अशी दोन बिऱ्हाडे चालत. मुंबईचे वेतन चढे असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की आजारपण, म्हातारपण आणि बेकारी यांचा भार गावाकडील शेतीने उचलला. मुंबईच्या मालकाने जो लाभखर्च प्रदीर्घ काळ टाळला, तो खरे पाहता कोकणातील कुटुंबांनी सोसला.

नागपूरची परिस्थिती वेगळी होती. तेथे वेतन कमी होते. पण गिरणीच्या शिस्तीची सवय नसलेला कामगार वारंवार गैरहजर राही. एम्प्रेस मिलने त्यावर उपाय म्हणून वेतनाऐवजी लाभांचा मार्ग धरला. तेथे निवृत्तिवेतनाचा निधी १८८६ मध्ये व अपघातभरपाईची योजना १८९५ मध्ये सुरू झाली. अपघातभरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेता या योजनांचे महत्त्व कळते. त्यांत औदार्य होते, तसाच व्यवहारही होता : हजर राहणारा आणि टिकून राहणारा कामगार मिळविण्याची किंमत नागपूरच्या गिरणीने लाभांच्या रूपाने मोजली.

सोलापुरात स्थानिक विणकरांची वस्ती मोठी होती आणि दुष्काळी पट्ट्यातील शेतमजूर शहराकडे सतत येत असे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली तेथे उभारलेल्या वसाहतीतील लोकही गिरण्यांत कामास लावण्यात आले. बाहेर पडण्याची मुभा नसलेला कामगार हाताशी असला, की वेतनाच्या घासाघिशीत त्याचा परिणाम सर्वांवरच होतो. सोलापूरच्या गिरण्या कामगारांना बाजारभावापेक्षा कमी दराने धान्य देत. तेथील रोख वेतनाची तुलना मुंबईशी करताना ही सवलत जमेस धरावी लागते. ती धरूनही सोलापूरचे वेतन बरेच कमी भरते.

तुलनेचा शस्त्र म्हणून उपयोग : पहिल्या महायुद्धातील भाववाढीनंतर प्रादेशिक तुलना ही केवळ अभ्यासाची बाब न राहता वाटाघाटींतील साधन बनली. अहमदाबाद येथे १९१७ मध्ये प्लेगच्या साथीत कामगार टिकून राहावेत म्हणून बराच मोठा ‘प्लेग बोनस’ देण्यात आला होता. साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचा मालकांनी निर्णय घेतला. त्यांनी २० टक्के वाढ देऊ केली. कामगारांची अपेक्षा ५० टक्क्यांची होती. महात्मा गांधी व त्यांचे सहकारी यांनी गिरण्यांची आर्थिक स्थिती, कामगारांचा खर्च आणि मुंबईतील वेतनाचे दर यांचा विचार करून ३५ टक्के ही मागणी निश्चित केली. अंबालाल साराभाई हे मालकांच्या बाजूने व त्यांच्या भगिनी अनसूया साराभाई कामगारांच्या बाजूने, असे त्या लढ्याचे चित्र होते. टाळेबंदी व संप फेब्रुवारी-मार्च १९१८ मध्ये झाला. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर ३५ टक्केच मान्य केले. १९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला. तेव्हापासून अहमदाबादचे वेतन मुख्यतः लवादाने व मुंबईचे मुख्यतः संपाने ठरत गेले. दोन शहरांच्या वेतनखर्चाचे वळण पुढे निराळे होण्यास ही गोष्ट कारणीभूत झाली.

१९२० नंतरच्या मंदीत मुंबईचे गिरणीमालक आपल्या चढ्या श्रमखर्चाचे गाऱ्हाणे मांडू लागले. जपानी मालाबरोबरच ‘वरच्या मुलखातील’ गिरण्यांची स्पर्धा ही त्यांची मुख्य तक्रार होती. १९२५ मध्ये त्यांनी वेतनात ११·५ टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने कापडावरील ३·५ टक्के उत्पादनशुल्क तहकूब केले आणि कपात मागे घेण्यात आली. १९२६ मध्ये सर फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या जकात मंडळाने मुंबईच्या अडचणींची चौकशी केली. वेतन, स्थानिक कर, पाणी व इंधन या सर्व बाबतींत मुंबईचा खर्च इतर केंद्रांपेक्षा अधिक असल्याचे मंडळास आढळले. यांत भर म्हणजे, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया पट्टी घेण्यात येई व तिचा उपयोग औद्योगिक कामगारांसाठी बांधलेल्या चाळींच्या खर्चाकडे होई. बी. डी. डी. चाळी या नावाने त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. कामगाराच्या निवाऱ्यावरील हा खर्च वेतनपत्रकात दिसत नसला, तरी तो मुंबईच्याच गिरण्यांवर पडत होता.

मालकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे कामाचा भार वाढविणे. साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे व त्रासन खात्यातील कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशा योजना १९२७-२८ मध्ये पुढे आल्या. वेतन दर माणशी थोडे वाढवून दर वारामागे पडणारा खर्च कमी करण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून २६ एप्रिल १९२८ रोजी सुरू झालेला सार्वत्रिक संप ६ ऑक्टोबरपर्यंत चालला. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीने १९२९ मध्ये वेतनदरांच्या प्रमाणीकरणासंबंधीचा अहवाल सादर केला. तोपर्यंत मुंबईतल्या मुंबईत शेजारच्या दोन गिरण्यांचे दर सारखे नसत, ही वस्तुस्थिती या चौकशीमुळे पुढे आली. प्रदेशाप्रदेशांतील तफावतीची चर्चा करणाऱ्या उद्योगात एका रस्त्यावरील तफावत मोजण्याचीही सोय नव्हती.

१९३३-३४ मध्ये मुंबईत गिरण्यांनी आपापल्या इच्छेप्रमाणे वेतनकपात केली. त्यामुळे अहमदाबादच्या विणकराची मिळकत मुंबईच्या विणकरापेक्षा अधिक झाली. अहमदाबादचा निर्वाहखर्च मुंबईपेक्षा जास्त होता, असे कोणीही म्हटले नाही. संघटना व लवाद यांनी तेथील कपात मर्यादित ठेवली, एवढेच त्याचे कारण होय.

संस्थानी मुलूख व कायद्याची हद्द : ब्रिटिश हिंदुस्थानातील कारखानेविषयक कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. कामाचे तास व स्त्रीकामगारांची प्रसूतिरजा यांबाबतची बंधने सीमा ओलांडली की बदलत. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूतिसाहाय्याचा कायदा केला; मध्य प्रांताने १९३० मध्ये त्याचे अनुकरण केले. हे साहाय्य सर्वस्वी मालकाने द्यावयाचे असल्याने ज्या गिरणीत स्त्रिया अधिक तिच्यावर भार अधिक पडे, आणि स्त्रियांना कामावर न घेण्याकडे कल वाढे. लाभाचा खर्च एका मालकावर न टाकता सर्वांमध्ये विभागल्याखेरीज तो लाभ घेणाऱ्याच्या मुळावर येतो, हा धडा पुढे कामगार विमा योजनेच्या वेळी विचारात घेतला गेला.

महागाई भत्ता व निर्देशांकांची पायाभूत वर्षे : दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता हा वेतनाचा स्वतंत्र घटक बनला. मुंबई सरकारच्या १९२१ मध्ये स्थापन झालेल्या कामगार कार्यालयाने मुंबई, अहमदाबाद व सोलापूर येथील कामगारवर्गाचे निर्वाहखर्च निर्देशांक तयार केले होते. परंतु त्यांचे पाये निरनिराळे होते. मुंबईच्या निर्देशांकाचा पाया जुलै १९३३ ते जून १९३४, अहमदाबादचा ऑगस्ट १९२६ ते जुलै १९२७ व सोलापूरचा फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ असा होता. १९२६-२७ मध्ये भाव चढे होते व १९३३-३४ मध्ये मंदीने ते उतरले होते. परिणामी युद्धापूर्वीची पातळी मुंबईच्या निर्देशांकावर १०५, तर अहमदाबाद व सोलापूरच्या निर्देशांकांवर ७३ धरली गेली.

औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यांनुसार महागाई भत्त्याचा दर मुंबईत १०५ च्या वरील दर अंकामागे रोज १·९ पै, अहमदाबादेत ७३ च्या वरील दर अंकामागे २·८४ पै व सोलापुरात ७३ च्या वरील दर अंकामागे १·७५ पै असा ठरला. हे आकडे शेजारी मांडले, की अहमदाबादचा भत्ता मुंबईच्या दीडपट व सोलापूरचा मुंबईच्या जवळपास बरोबरीचा वाटतो. अनेक ठिकाणी तसे लिहिलेही गेले आहे. परंतु ७३ वरील एक अंक आणि १०५ वरील एक अंक ही सारखी भाववाढ नव्हे. मुंबईच्या मापावर आणल्यास अहमदाबादचा दर सुमारे १·९७ पै, म्हणजे मुंबईच्या किंचित वर, आणि सोलापूरचा सुमारे १·२२ पै, म्हणजे मुंबईच्या दोन तृतीयांशांहूनही कमी भरतो.

मूळ वेतनाचा विचार यासोबत केल्यास चित्र स्पष्ट होते. १९४७-४८ च्या सुमारास प्रमाणित किमान मूळ वेतन २६ दिवसांच्या महिन्यास मुंबईत ३० रु., अहमदाबादेत २८ रु. व सोलापुरात २६ रु. असे निश्चित झाले. मुंबईचा निर्देशांक ३०० झाला व इतर दोन शहरांतही त्याच प्रमाणात भाव वाढले असे धरल्यास, मासिक महागाई भत्ता मुंबईत सुमारे ५० रु., अहमदाबादेत ५२ रु. व सोलापुरात ३२ रु. होतो. भत्ता मूळ वेतनात मिळविल्यास एकूण वेतन मुंबईत ८० रु., अहमदाबादेतही ८० रु. व सोलापुरात ५८ रु. असे येते. मूळ वेतनात मुंबई व सोलापूर यांतील अंतर अवघे चार रुपयांचे, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांचे होते. एकूण वेतनात ते २२ रुपयांचे, म्हणजे २७ टक्क्यांहून अधिक झाले. सोलापूरचा कामगार निवाड्यातील ठळक आकड्यात जेवढा मागे दिसत होता, त्याच्या दुप्पट मागे होता. भाव जसजसे वाढत गेले, तसतसे हे अंतर आपोआप रुंदावत गेले; त्यासाठी कोणाही मालकास वेतनकपात जाहीर करावी लागली नाही.

इतर प्रांतांतील निवाड्यांतही अशीच विविधता होती. नागपूर व मद्रास येथे मूळ वेतन २६ रु., कानपूर येथे ३० रु., तर पश्चिम बंगालमध्ये २० रु. २ आणे ६ पै असे होते. महागाई भत्ता मद्रासमध्ये निर्देशांकाच्या दर अंकास दरमहा तीन आणे, तर पश्चिम बंगालमध्ये ठोक रकमेने दिला जाई. ठोक भत्त्याच्या प्रदेशात भाववाढीचा भार कामगारावर पडे आणि निर्देशांकाशी निगडित भत्त्याच्या प्रदेशात तो मालकावर पडे. दोन प्रदेशांतील श्रमखर्चाची तुलना त्यामुळे कोणत्या वर्षी केली जाते, यावरही निष्कर्ष बदलत असे.

निर्देशांकातील चुकीचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण मुंबईतच घडले. १९६० हे पायाभूत वर्ष असलेली नवी निर्देशांकमालिका जुन्या १९३३-३४ च्या मालिकेशी जोडताना वापरलेला गुणक कमी असल्याची तक्रार कामगार संघटनांनी केली. महाराष्ट्र सरकारने १९६३ मध्ये प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ञ समिती नेमली. समितीच्या शिफारशीनुसार जोडगुणक ४·४४ करण्यात आला आणि मुंबईतील महागाई भत्ता त्या प्रमाणात वाढला. संख्याशास्त्रातील दशांशस्थळांवरून मोर्चे निघाल्याची अशी उदाहरणे थोडीच सापडतील.

औद्योगिक-प्रादेशिक तत्त्व : १९४७-४९ मध्ये काम केलेल्या न्याय्य वेतन समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन व निर्वाहवेतन असे तीन स्तर मानले. उद्योगाची वेतन देण्याची क्षमता एकेका कारखान्यावरून नव्हे, तर त्या प्रदेशातील तो संपूर्ण उद्योग विचारात घेऊन ठरवावी, असे तत्त्व तिने मांडले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे अनेक निर्णयांत या औद्योगिक-प्रादेशिक तत्त्वाचा अवलंब केला. किमान वेतनाला मात्र देयक्षमतेची सबब चालणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन मोजण्यासाठी कुटुंबात तीन उपभोग-घटक, दर घटकास २,७०० कॅलरींचा आहार व चार माणसांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड असे निकष घातले. हे निकष देशभर एकच होते. त्यांची किंमत मात्र स्थानिक भावांनी ठरावयाची होती.

कापडगिरण्यांसाठी १९५७ मध्ये केंद्रीय वेतनमंडळ नेमण्यात आले. त्याने केंद्रांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातील कामगारास १ जानेवारी १९६० पासून दरमहा ८ रु. व दुसऱ्या वर्गातील कामगारास ६ रु. वाढ आणि दोहोंस १ जानेवारी १९६२ पासून आणखी २ रु. वाढ, अशी शिफारस त्याने केली. अखिल भारतीय मंडळाकडून तफावत कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मागे असलेल्या केंद्रांना कमी वाढ मिळाली आणि जुने अंतर नव्या निर्णयात कायम झाले. मंडळापुढे देयक्षमतेचा प्रश्न होता हे खरे. परंतु कमी वेतन देणाऱ्या केंद्राची क्षमता कमीच असते, हे गृहीत तपासून पाहण्याजोगे होते. सोलापूरची सर्वांत जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा तेथील वेतन मुंबईपेक्षा पुष्कळच कमी होते. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले; वटहुकुमात कारण दिले होते ते गैरव्यवस्थापनाचे.

लाभखर्चाची विभागणी : सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांनी प्रादेशिक तफावतीला नवे वळण दिले. १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा देशभर एकाच दराने आकारला गेला व त्यापुरता प्रश्न मिटला. कामगार राज्य विमा योजनेची गोष्ट निराळी होती. कायदा १९४८ मध्ये झाला. परंतु दवाखाने व डॉक्टर यांची सोय करून योजना एकेका शहरात क्रमाने सुरू करणे भाग होते. प्रारंभासाठी कानपूर व दिल्ली ही शहरे निवडण्यात आली, तेव्हा तेथील मालकांनी हरकत घेतली : वर्गणी आम्ही भरावयाची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी ती न भरता त्याच बाजारात आमच्याशी स्पर्धा करावयाची, हे अन्यायाचे होय.

हरकत बिनतोड होती. १९५१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तिचे निरसन करण्यात आले. योजना लागू झालेली असो वा नसो, देशातील सर्व संबंधित कारखानदारांनी विशेष वर्गणी भरावी, असे ठरले. योजना लागू असलेल्या क्षेत्रात तिचा दर वेतनबिलाच्या १·२५ टक्के व इतरत्र ०·७५ टक्के ठेवण्यात आला. कामगारांकडून मात्र योजना प्रत्यक्ष लागू झाल्यावरच वर्गणी घ्यावयाची होती. अशा रीतीने स्पर्धेतील अंतर अर्ध्या टक्क्यावर आले व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजनेस प्रारंभ झाला. नागपूर व मुंबई येथे ती १९५४ मध्ये आली. ज्या मालकाच्या कामगारांना अद्याप एकही दवाखाना मिळालेला नाही त्यानेही दुसऱ्या शहरातील दवाखान्यासाठी पैसे भरावेत, ही व्यवस्था प्रादेशिक श्रमखर्चाच्या इतिहासात अपवादात्मक होय.

याच प्रश्नाचे उलट उत्तर २०१६ मध्ये देण्यात आले. नव्याने योजनेखाली येणाऱ्या क्षेत्रांत पहिले २४ महिने मालकाची वर्गणी ३ टक्के व कामगाराची १ टक्का अशी सवलतीची ठेवण्यात आली. त्या वेळी इतरत्र हे दर अनुक्रमे ४·७५ व १·७५ टक्के होते. जुलै २०१९ पासून सर्वत्र ३·२५ व ०·७५ टक्के हे दर लागू झाले. काही खर्च राज्याराज्यांच्या कायद्यांनीही निर्माण केले, उदा., ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी वेतनाच्या किमान ५ टक्के घरभाडे भत्ता द्यावा, असा कायदा महाराष्ट्राने १९८३ मध्ये केला.

गिरणीकडून यंत्रमागाकडे : भविष्यनिर्वाह निधी, विमा, उपदान आणि वेतन निवाडे हे सर्व एका विशिष्ट संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होते. त्यामुळे श्रमखर्चातील खरी सीमारेषा दोन शहरांमधील न राहता गिरणी व यंत्रमाग यांच्यामधील झाली. यंत्रमाग ठरावीक गावांत एकवटले असल्याने ती पुन्हा प्रादेशिकच ठरली. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथे एकाच छपराखालील माग निरनिराळ्या नावांनी नोंदवून प्रत्येक घटकातील कामगारसंख्या मर्यादेखाली ठेवणे ही सर्रास रीत झाली. मजुरी कापडाच्या लांबीवर व त्यातील पिकांच्या संख्येवर आकारली जाई. तीत रजा, आजारपण वा म्हातारपण यांचा हिशेब नसे. भिवंडी मुंबईपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरही नाही. दोन्ही ठिकाणच्या धान्याच्या भावांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. तरीही एका वार कापडामागील श्रमखर्चात पडलेले अंतर पूर्वी मुंबई व कानपूर यांतही नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. बदली कामगारांना कायम करणे, घरभाडे भत्ता व इतर उद्योगांच्या तोडीचे वेतन या त्यांच्या मागण्या होत्या. मुंबईतील औषधी व अभियांत्रिकी कारखान्यांतील वेतन गिरणीपेक्षा बरेच पुढे गेले होते. कामगार आपली तुलना आपल्या शहरातील इतर उद्योगांशी करीत होता आणि मालक आपली तुलना भिवंडीच्या मागाशी करीत होता. ‘उद्योग’ व ‘प्रदेश’ ही औद्योगिक-प्रादेशिक तत्त्वाची दोन अंगे येथे परस्परविरुद्ध दिशांना ओढू लागली, आणि मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ खालील प्रातिनिधिक संघाच्या चौकटीत या वादाला वाट मिळाली नाही. संपकाळात गिरण्यांच्या नावाचे कापड यंत्रमागांवर विणून घेतले गेले आणि ती पद्धत नंतरही चालू राहिली. १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची विक्री काही अटींवर शक्य केली. त्यानंतर मुंबईच्या गिरणीत श्रमखर्च किती, यापेक्षा तिच्याखालील जमिनीची किंमत किती, हा प्रश्न निर्णायक ठरला.

किमान वेतन अधिनियम, १९४८ खाली महाराष्ट्रात वेतनदर परिमंडळवार निश्चित केले जात. महानगरांचे पहिले परिमंडळ व ग्रामीण भागाचे शेवटचे, अशी ही रचना तालुक्यापर्यंत पोहोचलेली तफावत कायद्याने मान्य करणारी होती. केंद्र सरकारच्या तज्ञ समितीने २०१९ मध्ये देशासाठी रोज ३७५ रु. अशी एकच राष्ट्रीय पातळी, किंवा पर्यायाने पाच प्रदेशांसाठी ३४२ ते ४४७ रु. अशा निरनिराळ्या पातळ्या सुचविल्या. वेतन संहिता, २०१९ व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. वेतन संहितेने केंद्र सरकारला आधारभूत वेतन ठरविण्याचा अधिकार दिला असून त्याखाली कोणत्याही राज्यास किमान वेतन ठेवता येत नाही. मात्र निरनिराळ्या भौगोलिक क्षेत्रांसाठी हे आधारभूत वेतन निरनिराळे असू शकेल, अशी तरतूद तीत आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास अधिक भरणारी रक्कम वेतनातच धरली जाते, आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची आकारणी त्या वाढीव वेतनावर होते.